हिरव्या रेषेमागची घुसळण

१८९८ सालच्या जानेवारीत पुणे-सोलापूर लोहमार्गावरच्या जेऊर या लहानशा स्टेशनाजवळ दोन छावण्या पडल्या होत्या. एक पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समधले प्राध्यापक कावसजी दादाभाई नायगमवाला यांची आणि दुसरी थेट कॅलिफोर्नियातल्या लिक वेधशाळेतून आलेल्या विल्यम वॉलेस कॅम्पबेल यांची. पुण्या-मुंबईत प्लेगचे दिवस होते. तशातही दुर्बिणी, प्रिझम आणि काचेच्या प्लेटा बोटीतून, रेल्वेतून सांभाळत सोलापूर जिल्ह्यातल्या या माळरानावर आणल्या गेल्या होत्या. २२ जानेवारीला दुपारी तिथे सूर्य पुरता झाकला जाणार होता, जेमतेम दोन मिनिटांसाठी. एवढा सगळा खटाटोप त्या दोन मिनिटांसाठी होता.

त्याच दिवशी, त्याच सावलीच्या पट्ट्यात, कोकणातल्या विजयदुर्ग किल्ल्यावर इंग्लंडचे नॉर्मन लॉकियर ठाण मांडून बसले होते. किल्ल्यावरच्या 'साहेबाच्या ओट्यां'ची, म्हणजे त्यांच्या दुर्बिणींसाठीच्या चौथऱ्यांची, हकिकत सांगताना १८६८ चे ग्रहण आणि हेलियमचा शोध यांच्याशी त्यांची सांगड घातली जाते. पण १८६८ च्या ग्रहणाच्या वेळी लॉकियर इंग्लंडात होते, आणि सूर्यावरची ती प्रसिद्ध पिवळी रेषा त्यांनी दोन महिन्यांनी, ऑक्टोबरात, ग्रहणाविनाच टिपली. विजयदुर्गावर ते आले तीस वर्षांनी. हा खुलासा किल्ल्याचे महत्त्व कमी करण्यासाठी नाही. १८९८ चे काम मुळीच कमी तोलाचे नव्हते. फक्त ते हेलियमचे नव्हते, सूर्याभोवतीच्या त्या मोतिया रंगाच्या तेजोवलयाचे होते. मराठीत त्याला प्रभामंडल किंवा किरीट म्हणतात.

भिंगापुढे प्रिझम धरला की प्रकाश रंगांत फाकतो. खग्रास ग्रहणात असा कॅमेरा सूर्याकडे रोखला, तर सूर्याभोवतालचा वायू ज्या ज्या ठराविक रंगांत उजळतो, त्या त्या रंगाच्या जागी प्लेटवर एकेक कंकण उमटते. काही कंकणे ठसठशीत, रेखीव असतात. ती सूर्याच्या कडेलगतच्या हायड्रोजनची, कॅल्शियमची. हिरव्याच्या जागी उमटते ते मात्र वेगळे. ते पसरट असते, धूसर असते, कुठे जाड तर कुठे तुटक असते. हा प्रकाश कडेलगतच्या थराचा नाही, तो खूप वर पसरलेल्या प्रभामंडलाचा आहे. १८९८ च्या भारतातल्या निरीक्षणांनी या हिरव्या प्रकाशाची तरंगलांबी दुरुस्त केली. त्याआधी ५३१७ अँगस्ट्रॉम धरली जाई, ती ५३०३ निघाली. चौदा अँगस्ट्रॉमचा फरक डोळ्यांना कळायचाही नाही. पण रेषा नेमकी कुठे आहे हे ठाऊक नसेल, तर ती कोणाची हे कधीच ठरले नसते.

ती कोणाची, हा प्रश्न तोवर तीस वर्षे जुना झाला होता. १८६९ मध्ये अमेरिकेतल्या ग्रहणात चार्ल्स यंग आणि विल्यम हार्कनेस यांनी ती स्वतंत्रपणे पाहिली होती. पृथ्वीवरच्या कोणत्याही मूलद्रव्याच्या वर्णपटात ती सापडेना, म्हणून एक नवेच मूलद्रव्य कल्पून त्याला 'कोरोनियम' असे नावही देऊन झाले. हेलियमच्या बाबतीत तसेच घडले होते. ते आधी सूर्यावर दिसले आणि मग १८९५ मध्ये विल्यम रॅम्झी यांना पृथ्वीवर गवसले. तेव्हा कोरोनियमही आज ना उद्या सापडेल, असा भरवसा वाटणे स्वाभाविक होते. खुद्द मेंडेलीव्ह यांनी आपल्या मूलद्रव्यांच्या कोष्टकात त्याच्यासाठी जागा शोधून पाहिली. पण कोष्टकातली घरे एकेक करून भरत गेली आणि कोरोनियमला घर उरले नाही.

उकल झाली ती दुसऱ्या महायुद्धाच्या ऐन धुमाळीत. जर्मन खगोलज्ञ वाल्टर ग्रोट्रियन यांनी १९३९ मध्ये दुव्याचे पहिले टोक धरले आणि स्वीडनच्या बेंग्ट एडलेन यांनी १९४१ ते १९४३ या काळात गाठ सोडवली. कोरोनियम नावाचे काही नव्हतेच. हिरवी रेषा होती साध्या लोखंडाची! लोखंडाच्या अणूत २६ इलेक्ट्रॉन असतात. त्यातले नेमके निम्मे, म्हणजे १३, ज्याने गमावले आहेत अशा लोखंडाचा तो प्रकाश होता.

उष्णतेने अणूतले इलेक्ट्रॉन कसे सुटत जातात, याचे समीकरण मेघनाद साहा यांनी १९२० मध्ये मांडले होते. प्रभामंडलासारख्या विरळ जागी हिशेब थोडा निराळ्या रीतीने करावा लागतो. पण तेरा इलेक्ट्रॉन झडायचे तर काही हजार अंशांनी भागत नाही, तापमान दहा ते वीस लाख अंशांच्या घरात लागते, हे कोणत्याही रीतीने टळत नाही. शिवाय या रेषेत आणखी एक गोष्ट दडलेली होती. असा प्रकाश बाहेर टाकायला अणूला उसंत लागते. दाटीवाटीत शेजारचे कण त्याला धक्के देतात आणि तो प्रकाश न टाकताच मोकळा होतो. म्हणूनच प्रयोगशाळेत ती रेषा कोणाला दिसली नव्हती. म्हणजे एकाच रेषेने दोन बातम्या दिल्या. सूर्याभोवतीचा वायू कल्पनेपलीकडे तापलेला आहे, आणि तितकाच कल्पनेपलीकडे विरळ आहे.

आणि सूर्याचा जो पृष्ठभाग आपल्याला दिसतो, त्याचे तापमान आहे सुमारे साडेपाच हजार अंश सेल्सिअस. तिथून वर गेले की आधी ते आणखी उतरते. मग वर्णगोल नावाच्या दीड-दोन हजार किलोमीटरच्या थरात हळूहळू चढते, आणि नंतर अवघ्या शे-दोनशे किलोमीटरच्या पट्ट्यात एकदम उसळी मारून लाखांत जाते. उष्णता गरमाकडून थंडाकडे वाहते, हे शाळकरी मुलालाही ठाऊक असते. मग थंड पृष्ठभागाने वरच्या वायूला तापवले कसे?

इथे एक गैरसमज आधीच दूर केलेला बरा. निसर्गाचा कोणताही नियम इथे मोडलेला नाही. थंडीत तळहातावर तळहात घासला की दोन्ही हात ऊबदार होतात. त्यावेळी एका गार हाताने दुसऱ्याला उष्णता दिलेली नसते, स्नायूंनी काम केलेले असते आणि त्या कामाची उष्णता झालेली असते. सूर्याचा पृष्ठभागही प्रभामंडलाला उष्णता पाठवत नाही, काम पाठवतो. आणि कामाला तिथे तोटा नाही. पृष्ठभागाच्या दर चौरस मीटरमधून सुमारे सव्वासहा कोटी वॅट ऊर्जा बाहेर पडते. जॉर्ज विथब्रो आणि रॉबर्ट नॉइस यांनी १९७७ मध्ये मांडलेल्या हिशेबानुसार प्रभामंडलाचा शांत भाग तापता ठेवायला चौरस मीटरमागे सुमारे तीनशे वॅट पुरतात, म्हणजे दोन लाखांतला एक वाटा. सौरडागांच्या आसपासच्या धगधगत्या भागांना दहा हजार वॅटपर्यंत लागतात, तरीही तो सहा हजारांतला एकच वाटा. कोडे जमेच्या बाजूचे नाहीच. ऊर्जा येते कुठून, हे बऱ्यापैकी कळलेले आहे. ती वर पोचते कशी, आणि मुख्य म्हणजे तिथे पोचल्यावर खर्ची कशी पडते, हे शोधण्यात ऐंशी वर्षे गेली आहेत. या विषयात पाऊल टाकणाऱ्याने एवढी एक गोष्ट गाठीशी बांधली, तर पुढची अर्धी वाट सोपी होते.

पहिला तर्क आवाजाचा होता. सूर्याचा पृष्ठभाग सतत उकळत असतो. तळातून तापलेला वायू वर येतो, निवतो, कडेने खाली बुडतो. दुर्बिणीतून तो भाताच्या उकळत्या पातेल्यासारखा दाणेदार दिसतो. यातला एकेक दाणा हजार किलोमीटरहून मोठा असतो, अख्खा महाराष्ट्र एका दाण्यात मावेल. आणि पाच-दहा मिनिटांत तो विरूनही जातो. एवढ्या खदखदीतून ध्वनिलहरी निघणारच. त्या वर विरळ वायूत शिरल्या की उंच होत जातील, फुटतील आणि वायू तापवतील, असे लुडविग बीअरमान आणि मार्टिन श्वार्झशिल्ड यांनी १९४० च्या दशकाच्या उत्तरार्धात सुचवले. कल्पना सरळ आणि सुंदर होती. तीस वर्षे ती पाठ्यपुस्तकांत नांदली. १९७० च्या दशकात ओएसओ-८ या उपग्रहाने वर्णगोलाच्या माथ्यावर प्रत्यक्ष मोजमाप घेतले तेव्हा कळले की ध्वनिलहरी वाटेतच संपून जातात, प्रभामंडलापर्यंत पोचणारा ऐवज फारच तुटपुंजा असतो.

उरले चुंबकत्व. प्रभामंडलाचे कोणतेही छायाचित्र पाहिले तरी त्यातल्या कमानी, पिसारे आणि झोत बलरेषांच्या वळणावरच गेलेले दिसतात. या बलरेषांची मुळे खाली त्या खदखदत्या दाण्यांमध्ये रुतलेली असतात. दाणे हलले की मुळे हलतात, आणि मुळे हलली की वरपर्यंत हिसका जातो.

हा हिसका कसा जातो, ते हान्नेस आल्फव्हेन या स्वीडिश भौतिकतज्ज्ञाने १९४२ मध्ये 'नेचर'मधल्या एका छोट्याशा टिपणात सांगितले. तंबोऱ्याची तार छेडली की तिच्या ताणामुळे लहर धावते. तार जितकी ताणलेली तितकी लहर वेगवान, आणि तार जितकी जड तितकी संथ. चुंबकीय बलरेषेलाही ताण असतो, आणि तिच्याशी जखडलेला प्लाझ्मा, म्हणजे विद्युतभारित वायू, हे तिचे वजन. तेव्हा तीही तारेसारखी थरथरली पाहिजे. आरंभी यावर फारसा कोणाचा विश्वास बसला नाही. १९४९ मध्ये स्टिग लुंडक्विस्ट यांनी पाऱ्यात अशा लहरी उठवून दाखवल्या. १९७० मध्ये आल्फव्हेन यांना नोबेल मिळाले, आणि आज या लहरी त्यांच्याच नावाने ओळखल्या जातात.

इथे क्षणभर थांबून सालांकडे पाहावेसे वाटते. एडलेन यांनी हिरव्या रेषेची ओळख पटवली ती १९४१-४३ मध्ये. आल्फव्हेन यांच्या लहरी १९४२ च्या. आणि १९४१ मध्येच मॉस्कोत आंद्रेई कोल्मोगोरोव्ह यांनी खळबळत्या द्रवात मोठे भोवरे लहान भोवऱ्यांना ऊर्जा कशी देत जातात, याचा नियम मांडला. प्रश्न, वाहक आणि खर्चाची रीत, तिन्ही गोष्टी युद्धाच्या त्याच दोन-तीन वर्षांत कागदावर आल्या होत्या. त्यांची नीट सांगड घालायला मात्र पुढे कित्येक दशके लागली.

कारण आल्फव्हेन लहरींचा गुण हाच त्यांचा दोष आहे. त्या फार सहज जातात. ध्वनिलहर वाटेत फुटते, ही फुटत नाही. प्रभामंडल विजेचे इतके उत्तम वाहक आहे की तिथे या लहरीला घर्षण म्हणून जाणवत नाही. खालच्या दाट थरात सेकंदाला काही किलोमीटर वेगाने निघालेली लहर वर सेकंदाला हजार किलोमीटरपर्यंत वेग गाठते आणि काही न सांडता सरळ निघून जाते. भरलेली घागर घेऊन कोणी दारावरून जावे आणि थेंबही न सांडावा, तसे. अशाने तहान भागायची कशी?

पहिली मदत होते ती लहरीच्या उलट फिरण्याची. जाड दोराला पातळ सुतळी बांधावी आणि दोराच्या टोकाला झटका द्यावा. झटका गाठीपर्यंत जातो, थोडा सुतळीत शिरतो आणि थोडा मागे परततो. सूर्यावर दाट वायू आणि विरळ वायू यांच्या सीमेवर हेच होते. त्याहून वर प्रभामंडलातही घनता सतत उतरत असते, त्यामुळे थोडीथोडी लहर सगळीकडूनच मागे फिरत राहते. आता एकाच बलरेषेवरून वर जाणाऱ्या आणि खाली येणाऱ्या लहरी समोरासमोर येतात. एकाच दिशेने चाललेल्या आल्फव्हेन लहरी एकमेकींच्या वाटेला जात नाहीत. समोरासमोर आल्या की मात्र त्या एकमेकींना चिरत जातात. १९६० च्या दशकात सोव्हिएत संघातल्या इरोश्निकोव्ह यांनी आणि अमेरिकेतल्या रॉबर्ट क्रेचनन यांनी स्वतंत्रपणे हे गणित मांडले. मोठ्या लहरीतून लहान, लहानीतून आणखी लहान लहरी होत जातात. यालाच संक्षोभ म्हणायचे, साध्या भाषेत खळबळ.

ज्याने घरी डेऱ्यात ताक घुसळलेले पाहिले आहे, त्याला यातले मर्म समजावून सांगावे लागत नाही. रवीचा फेर मोठा असतो. तिच्या पात्यांशी त्याचे भोवरे होतात, भोवऱ्यांच्या कडेला बारीक वळसे, वळशांत बुडबुड्यांएवढ्या गिरक्या. दोरी सोडली की मोठा फेर हळूहळू मंदावतो आणि सगळे थिजते. हाताने घातलेली ताकद गेली कुठे? ती बारीकातल्या बारीक गिरकीपर्यंत वाटली गेली आणि तिथे घर्षणात मुरली. ताक त्यामुळे किंचित गरम झाले, इतके किंचित की बोटाला कळत नाही. प्रभामंडलात मात्र ते कळते, कारण तिथे वाटेकरी फारच थोडे आहेत. आपल्या भोवतालच्या एक घन सेंटिमीटर हवेत २७ वर १८ शून्ये इतके रेणू असतात. प्रभामंडलात तेवढ्याच जागेत दहा कोटी ते शंभर कोटी कण. ऐकायला आकडा मोठा वाटतो, पण तो आपल्या हवेच्या हजारो कोटींतला एक अंश आहे. थोडकीच ऊर्जा, पण खाणारी तोंडे इतकी कमी की प्रत्येकाच्या ताटात लाखो अंश पडतात.

ही चिरफाड कुठवर जाते? शेकडो-हजारो किलोमीटरच्या लहरीपासून थेट काही मीटरपर्यंत. प्रोटॉन बलरेषेभोवती जी गिरकी घेतो तिचा घेर प्रभामंडलात साधारण तेवढा असतो. लहर त्या मापाची झाली की ती कणांशी थेट भिडते आणि तिची ऊर्जा कणांच्या धावपळीत विरते. हे शेवटचे पाऊल पृथ्वीवरची कोणतीही दुर्बीण पाहू शकत नाही. हवाईतल्या हालेआकाला डोंगरावरची चार मीटर व्यासाची इनूये सौर दुर्बीण आज सर्वांत तीक्ष्ण आहे, तरी तिलाही वीसेक किलोमीटरहून बारीक काही दिसत नाही. तरीपण या पावलाच्या खुणा मागे राहतात. १९९५ च्या डिसेंबरात सुटलेल्या सोहो यानाने ध्रुवांवरच्या विरळ भागात ऑक्सिजनचे आयन मोजले, तेव्हा ते दहा कोटी अंशांच्याही पलीकडे तापलेले आढळले, शेजारच्या इलेक्ट्रॉनांपेक्षा कितीतरी पट. तेही आडव्या दिशेने जास्त, बलरेषेच्या दिशेने कमी. साध्या भट्टीत असे कधी होत नाही, भट्टी सगळ्यांना सारखेच तापवते. कोणत्या कणाला किती आणि कुठल्या अंगाने तापवायचे याची निवड करणारी काहीतरी यंत्रणा तिथे आहे, आणि ती गिरकीच्या तालावर चालते, असा याचा अर्थ लागतो.

लहरी प्रत्यक्ष दिसू लागल्या त्या १९९० च्या दशकाच्या अखेरीस. १९९८ मधल्या एका सौरज्वालेनंतर ट्रेस उपग्रहाच्या चित्रांत प्रभामंडलातल्या कमानी हेलकावताना आढळल्या आणि पुढच्या वर्षी त्यावर लेख आले. २००७ मध्ये स्टीव्ह टॉमझिक आणि सहकाऱ्यांनी संपूर्ण प्रभामंडलात सर्वत्र पाच मिनिटांच्या तालावर सरकणाऱ्या लहरी दाखवल्या. त्याच वर्षी जपानच्या हिनोदे यानाने वर्णगोलातून गवताच्या पात्यांसारखे उसळणारे वायूचे सुळके आडवे डुलताना टिपले. एका बाजूला हर्ष, दुसऱ्या बाजूला पेच. टॉमझिक यांच्या मोजणीत ऊर्जा गरजेच्या मानाने अगदी किरकोळ भरली, तर २०११ मध्ये स्कॉट मॅकिंटॉश यांच्या चमूने अधिक तीक्ष्ण चित्रांवरून ती शांत प्रभामंडलाला पुरण्याजोगी असल्याचे सांगितले. विरोध दिसतो त्याहून कमी आहे. दृष्टीच्या रेषेत एकामागे एक शेकडो कमानी असतात. एक उजवीकडे, दुसरी डावीकडे डुलते आणि त्यांची हालचाल आपल्या नजरेत एकमेकींना पुसून टाकते. डुलणे नाहीसे होते, पण रेषेचा रंग दोन्ही बाजूंना थोडा फाकतो. म्हणून हरवलेली हालचाल शोधायची जागा म्हणजे त्या वर्णरेषांची रुंदी. मायकेल हान आणि डॅनियल सॅव्हिन यांनी हिनोदेच्या नोंदींत ध्रुवीय भागातली ही रुंदी उंचीबरोबर आधी वाढताना आणि मग घटताना पाहिली. घटते याचा अर्थ लहर तिथे कुठेतरी खर्ची पडते आहे. २०२५ मध्ये रिचर्ड मॉर्टन यांच्या चमूने इनूये दुर्बिणीतून बलरेषांना पिळा देत जाणाऱ्या आल्फव्हेन लहरींचा प्रभामंडलातला पुरावा मांडला. हीच ती जात, जी डुलत नाही आणि म्हणून साध्या चित्रात कधी सापडत नव्हती.

लहरींच्या पक्षाला तोलाचा प्रतिपक्ष आहे, तो सांगितल्याशिवाय ही प्रस्तावना अपुरी राहील. युजीन पार्कर यांचे म्हणणे असे की बलरेषांची मुळे संथपणे इकडेतिकडे भटकतात, वर त्यांच्या वेण्या पडतात, पीळ साचतो आणि तो मर्यादेबाहेर गेला की बलरेषा तुटून नव्याने सांधल्या जातात. प्रत्येक वेळी एक छोटा स्फोट. मोठ्या सौरज्वालेच्या सुमारे अब्जांश ताकदीच्या या ठिणग्यांना त्यांनी १९८८ मध्ये 'नॅनोफ्लेअर' म्हटले. पार्कर यांचा शब्द हलका घेण्याची चूक एकदा झालेली होती. सौरवाऱ्याचे, म्हणजे सूर्यापासून सतत बाहेर वाहणाऱ्या वायूचे, भाकीत करणारा त्यांचा १९५८ चा लेख परीक्षकांनी नापसंत केला होता, आणि संपादक सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांनी स्वतःला तो पटत नसतानाही, गणितात चूक सापडत नाही म्हणून छापला. थोड्याच वर्षांत यानांनी सौरवारा मोजला. पुण्याच्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्रातल्या दिव्य ओबेरॉय आणि सहकाऱ्यांनी २०२० मध्ये पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या रेडिओ दुर्बिणींच्या नोंदींतून शांत सूर्यावरही सर्वत्र क्षीण, क्षणिक रेडिओ ठिणग्या उडत असल्याचे दाखवले. पार्कर यांच्या ठिणग्यांच्या शोधातला हा मोलाचा दुवा आहे.

मात्र 'लहरी की ठिणग्या' हा वाद जितका जुना तितकाच आता धूसर होत चालला आहे, आणि तसा तो व्हावा हेच योग्य. खळबळ बारीक होत जाते तेव्हा तिच्या कडांवर विजेचे पातळ पडदे तयार होतात आणि बलरेषा तिथेच तुटतात, सांधतात. उलट प्रत्येक ठिणगी तुटताना आजूबाजूला लहरी सोडते. मुळे झटकन हलली तर लहर, सावकाश हलली तर वेणी, आणि दोन्हींचा शेवट त्याच बारीक घुसळणीत. ध्रुवांवरच्या उघड्या बलरेषांच्या भागात लहरींचे पारडे जड असावे आणि सौरडागांवरच्या घट्ट कमानींत ठिणग्यांचे, असा कल आजच्या पुराव्यांतून निघतो.

शेवटी माणसाने यंत्रच तिथे धाडले. पार्कर सोलर प्रोब १२ ऑगस्ट २०१८ रोजी सुटले तेव्हा एक्क्याण्णव वर्षांचे पार्कर ते पाहायला हजर होते. २८ एप्रिल २०२१ रोजी या यानाने सूर्यापासून सुमारे १.३ कोटी किलोमीटरवर एक अदृश्य उंबरठा ओलांडला. त्याच्या बाहेर सौरवारा आल्फव्हेन लहरींपेक्षा वेगाने धावतो, त्यामुळे तिथली लहर सूर्याकडे परतू शकत नाही. आत मात्र ती दोन्ही दिशांना जाऊ शकते. म्हणजे समोरासमोर गाठ पडण्याचे मैदान ते हेच. फेब्रुवारी २०२२ मध्ये हे यान आणि युरोपचे सोलर ऑर्बिटर सौरवाऱ्याच्या एकाच झोताच्या वाटेवर आले. एकाने तो सूर्याजवळ मोजला, दुसऱ्याने साधारण दोन दिवसांनी शुक्राच्या कक्षेजवळ. यीमी रिव्हेरा आणि सॅम्युअल बॅडमन यांनी २०२४ मध्ये हिशेब प्रसिद्ध केला. वाटेत लहरींनी जेवढी ऊर्जा गमावली, तेवढीच वाऱ्याच्या वाढलेल्या वेगात आणि तापमानात जमा झालेली होती. त्याच वर्षी २४ डिसेंबरला पार्कर प्रोब सूर्याच्या पृष्ठभागापासून अवघ्या ६१ लाख किलोमीटरवरून गेले, ताशी सुमारे ६.९ लाख किलोमीटर वेगाने.

आणि ती हिरवी रेषा? नायगमवालांची पुण्यातली वेधशाळा १९१२ मध्ये बंद झाली, तिची दुर्बीण कोडाईकनालला गेली. कोडाईकनालची ती परंपरा पुढे बंगळूरच्या भारतीय खगोलभौतिकी संस्थेत आली. २ सप्टेंबर २०२३ रोजी श्रीहरिकोट्याहून निघालेले आदित्य-एल१ हे यान ६ जानेवारी २०२४ पासून पृथ्वीपासून १५ लाख किलोमीटरवर घिरट्या घालते आहे. त्यावरचे व्हेल्क हे उपकरण याच संस्थेने घडवले. त्यात सूर्याची तबकडी आतच झाकली जाते, रोजचे ग्रहण घडवल्यासारखी, आणि ज्या रंगांत ते प्रभामंडल पाहते त्यातला एक आहे ५३०३ अँगस्ट्रॉम. शेजारचे सूट उपकरण पुण्याच्या आयुकाचे. ते अतिनील प्रकाशात खालचा पृष्ठभाग आणि वर्णगोल पाहते, म्हणजे जिथे मुळे हलतात ती जागा. एकाच यानावरून मूळ आणि शेंडा दोन्ही नजरेत ठेवायचे, अशी ही मांडणी आहे.

टॉमझिक यांना दिसलेल्या लहरींचा ताल पाच मिनिटांचा होता. जेऊरच्या माळावर नायगमवाला आणि कॅम्पबेल यांच्या वाट्याला दोन मिनिटे आली. तेवढ्या वेळात अशी एक लहर निम्मीसुद्धा पुरी होत नाही. आदित्य-एल१ वरून तीच रेषा तासन् तास पाहता येते, ती किती फाकते, कुठे फाकते आणि सूर्यापासून दूर जाताना कुठे पुन्हा अरुंद होते, हे एकेका उंचीवर मोजता येते.